वैभववाडीचा सर्व्हर आणि मालवणचा चोर

गुरुवार, २४ सप्टेंबर २००९, सकाळी १०
सिप्रियनबाब माझ्या कॉम्प्युटर क्लासवर हजर. त्यांच्या लॉजची वेबसाइट मी केलेली. तिच्यावरच्या फोन नंबरात एक आकडा चुकलाय म्हणे. मुंबईचे पर्यटक खोली विचारतात आणि फोन उचलते बाजारातली मासेवाली हौसाबाई. दसऱ्यापर्यंत दुरुस्त झालं नाही तर साइट कुडाळच्या माणसाला देणार. म्हणे कुडाळच्या!
सर्व्हर वैभववाडीला, बायकोच्या म्हणजे दिव्याच्या भावाच्या, दत्तारामच्या झेरॉक्सच्या दुकानात. पण मी जागचा हलणार नाही. इथूनच रिमोट लॉगिन. मालवणात हे येणारा मी एकटा. पाच मिनिटांचं काम.

दुपारी १
‘परमिशन डिनाइड.’ गणपतीत मीच पासवर्ड बदलला, सुरक्षेसाठी. लिहून ठेवला नाही. लिहून अडाणी ठेवतात. तीनदा घातला. आता ‘कनेक्शन रिफ्युज्ड’. लाइनच भिकार.

शुक्रवार, २५
सर्व्हरचा मेल: तीन वेळा चुकीचा पासवर्ड, ज्या इंटरनेट पत्त्यावरून घातला तो दोन दिवस बंद. म्हणजे चोर! आणि काय बावळट चोर, तीन-तीनदा चुकतो. दत्तारामला फोन: रविवारी खंडेनवमी, सर्व्हर पूजेत मांड, दसऱ्यापर्यंत कुणाला हात लावू देऊ नको. दिव्या म्हणाली, चोर तारेतून येतो ना, मग पूजेला कशाला घाबरेल? तिला टेक्निकल काय कळणार.

रविवार, २७
पासवर्ड मिळाला. कॅलेंडरवर, ऑगस्टच्या पानावर, माझ्याच अक्षरात. दिव्याने शोधला. मी शोधणारच होतो.
आता ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. अकरा वेळा. वायर काढून फुंकली. फोन कंपनीच्या माणसाला झापलं. म्हणतो, लाइन ठीक आहे. यांना पगार कशाचा मिळतो?

सोमवार, २८, दसरा
जागचा हललो. एसटीने वैभववाडी.
सर्व्हर पाटावर. झेंडूचा हार, हळदकुंकू, शेजारी कोयता आणि वहिनींचं शिवणयंत्र. वायर काढून नीट गुंडाळलेली. दत्ताराम म्हणाला, पूजेत मांडलेलां हत्यार कोण चालवता काय, भावोजी? वायर काढताना निदान मला विचारायचं तरी!
नंबर दुरुस्त केला. चोरासाठी नवा पासवर्ड घातला, महाकठीण.

मंगळवार, २९, सकाळी
सिप्रियनबाब गेले कुडाळकडे. म्हणाले, आधी चुकीचा का होईना नंबर दिसत होता, नंतर दोन दिवस साइटच नाही. जाऊ दे. कदर नाही.

संध्याकाळी ५
हौसाबाई दारात. हिने फोन करणाऱ्या पर्यटकांना आपल्या माडीवरच्या दोन्ही खोल्या दिवाळीला दिल्यासुद्धा! म्हणाली, परवापासून एक फोन नाय, माझो नंबर खंय गेलो रे? माका माझी साइट करून दी. सोबत चार बांगडे. एक गेला, दुसरा आला. यालाच नाव म्हणतात! बस म्हटलं, पाच मिनिटांचं काम.
बसली.
‘परमिशन डिनाइड.’ तीनदा. लगेच मेल. पुन्हा चोर! दिव्याने मेलमधला चोराचा पत्ता वाचला, मग आमच्या मोडेमचा. आकडा न आकडा तोच.
हौसाबाईने विचारलं, चोर गावलो?
दिव्याने माझ्याकडे बोट केलं.
वैभववाडीची एसटी सकाळी सव्वासहाला आहे.