पाण्याच्या नळीतला विषाणू

७ जानेवारी
सापडला! न जाणाऱ्या थकव्याने आजारी बायकांपैकी बहुतेकींच्या रक्तात तोच विषाणू, निरोगी माणसांत जवळजवळ नाहीच. चिंतामण सरांनी अख्ख्या प्रयोगशाळेला पेढे वाटले. विभागप्रमुख झाल्यापासून त्यांना इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "चारुता, आता या बायकांना कुणी आळशी म्हणायचं नाही."
मला आधी आठवली मनकर्णाबाई. परतवाड्याजवळच्या खेड्यातली. ताप आला, उतरला — पण ती काही त्यातून उठली नाही. अंगण झाडलं की दिवसभर आडवी. तपासण्या सगळ्या चांगल्या! डॉक्टर म्हणाले मनाचं आहे. नवरा म्हणाला सोंग आहे.
फोन केला. रडायला लागली. "म्हंजे मी खोटी नाई न मॅडम?"
नाही हो. अजिबात नाही.

१९ जानेवारी
विज्ञान मासिकाने आमचा लेख तातडीने छापला, आज पेपरात बातमी. सरांचा फोटो मोठा, कडेला माझा अर्धा खांदा! अद्वैतने अमरावतीतल्या सगळ्या नातेवाइकांना पाठवली. माझ्या कामाबद्दल नवऱ्याला इतका उत्साह पहिल्यांदाच.
दुपारी मनकर्णाबाई आली, नवऱ्याला घेऊन. खुशालरावांच्या हातात संत्र्यांची पिशवी, मान खाली. "मी इले लय बोललो मॅडम. मले काय मालूम रक्तातच जंतू हाये म्हून? आता पानी मीच भरतो."
"अन् हे पोया बी करते," ती म्हणाली. "वातड करते, पन करते."
हसलो तिघं.

२ फेब्रुवारी
आज गाडीत, बडनेऱ्याच्या अलीकडे, एकदम लक्षात आलं. निरोगी लोकांची रक्तं आम्ही जुन्या तपासणी किटवर लावली होती. आजाऱ्यांची नव्या. दोन वेगळी किटं! मग फरक रक्तातला की किटमधला?
हे आधी कसं दिसलं नाही? सरांना नाही, मलाही नाही.
फोनवर सर म्हणाले, "लेख छापून आलाय. आता उकरत बसू नकोस."

९ फेब्रुवारी
उकरलं. नळ्यांत रक्ताऐवजी नुसतं शुद्ध पाणी घातलं, नव्या किटवर लावलं.
पाण्यातही तोच विषाणू. सगळ्या नळ्यांत! किटमध्येच घाण होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. आजाऱ्यांची रक्तं जुन्या किटवर लावली, तर विषाणू नाहीच.
पाण्याला कसला आलाय थकवा?

१० फेब्रुवारी
सरांनी दार लावून घेतलं. "हे कुणाला दाखवलंस?" मग आवाज मऊ करून — "फायदा कुणाचा होतोय? त्या बायकांचाच ना? घरात मान मिळतोय त्यांना. तो काढून घेणार तू?"
राग येतो तो याचाच. माणूस स्वतःची खुर्ची सांभाळतो आणि नाव मनकर्णाबाईचं घेतो! आणि तरी तो म्हणाला ते खोटं नव्हतं.
घरी अद्वैत — "गप्प बसायला तुझं काय जातं?"
माझं काही जात नाही. बरोबर. पण उद्या कुणी या बातमीवर विसंबून त्या बायकांना त्या विषाणूची औषधं सुरू केली तर? चांगल्या यकृताचं वाटोळं होईल. तेव्हा सर पेढे वाटतील का?

२१ फेब्रुवारी
मासिकाला कळवलं. स्वतःच्या नावाने, पाण्याच्या नळ्यांच्या निकालासकट.

६ मार्च
मासिकाने लेख मागे घेतला. सरांनी पेपरवाल्यांना सांगितलं, "सहायकाकडून चूक झाली." सहायक म्हणजे मी! कौतुकाच्या वेळी अर्धा खांदा, चुकीच्या वेळी अख्खी मी.

८ मार्च
सगळ्या रुग्णांना फोन केले. कुणी शिव्या दिल्या. कुणी नुसताच ठेवून दिला. मनकर्णाबाईला शेवटी केला, धीर होईना म्हणून.
सगळं ऐकून घेतलं तिने. मग — "तं मंग मले झालं काय हाये?"
"माहीत नाही. हा विषाणू नाही, एवढं नक्की. दुसरा असेल."
"असन म्हनता. 'असन'वर घरात कोन इस्वास ठेवते, मॅडम?"
मग तीच पुढे म्हणाली,
"तुमी चूप रायल्या असत्या तं काय बिघडलं असतं?"
औषधांचं सांगणार होते. मागून खुशालरावांचा आवाज आला. "पाह्य, मी म्हनलंच होतं! नाटकं सारी. उठ आता." फोन बंद झाला.

९ मार्च
खरं बोललं की मन हलकं होतं म्हणतात. कुणाचं?

१७ मार्च
माझी नेमणूक वाढवणार नाहीत. महिनाअखेरपर्यंत. सरांनी पाहिलंसुद्धा नाही माझ्याकडे. डबा उघडला, तसाच बंद केला.

२८ मार्च
मनकर्णाबाई आली! खाली प्रयोगशाळेच्या जिन्याशी भिंतीला टेकून बसली होती, वर चढवेना. सोबत दोन बायका — एक थेट धारणीहून, बस बदलत बदलत आलेली, ओठ पांढरे पडलेले.
"इचं बी माह्यासारखंच हाये. तापापासून. अन् या दुसरीचं बी. घ्या, रगत घ्या."
"अहो, पण मी चुकले होते ना!"
"हो न. बाकी डाक्टरायनं तं मलेच चूक ठरवलं. सोता चुकलो म्हून फोन कोनं केला? तुमीच न!"
सांगितलं तिला, माझी नोकरी सोमवारी संपते.
"मंग आजच घ्या," ती म्हणाली आणि बाही वर सारली.