खांब मोजून पाहा

४ ऑक्टोबर
आलो एकदाच्या! घर छान आहे. दोन खोल्या, मोठ्या खिडक्या, भरपूर उजेड. धाकटीने आल्याआल्या चांगली खोली पटकावली आणि वर मलाच ऐकवलं की ताई, तुला काय, तू दिवसभर त्या भुयारातच असणार. मेहुणे गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. बोलण्यात मला हरवणारी जगात ती एकटीच. तिच्यावाचून मला जेवण जात नाही, हे तिला अजून कळू दिलेलं नाही.

कामही मनाजोगं आहे. गावाखाली जुना जलाशय आहे. दगडी छत, काळं पाणी आणि त्यातून वर आलेल्या खांबांच्या रांगा. पर्यटक जिना उतरून लाकडी सज्जात उभे राहतात. तिथले माहितीफलक मला नव्याने लिहायचे आहेत. जन्मभर शाळेची पुस्तकं सुधारली, आता निवृत्तीनंतर का होईना, कोणाला तरी माझ्या भाषेची किंमत कळली.

६ ऑक्टोबर
फलक पाहिले आणि डोकं फिरलं. मुंगीएवढी अक्षरं, करड्यावर करडी. 'उपलब्ध माहितीच्या आधारे असे म्हणता येणे शक्य आहे' इथवर पोचेपर्यंत माणूस पेंगतो. कहर म्हणजे मुख्य फलक भिंतीवर आहे, म्हणजे वाचणाऱ्याची पाठ पाण्याकडे! कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर झाड शिकवायचं असलं की वर्गाला खिडकीशी उभं करत. इथे झाडाकडे पाठ करून झाडावर निबंध.

तिकीटवाली म्हणाली, पाटी कोणी वाचत नाही, जांभया देतात आणि वर येतात. यात तिला एवढं समाधान कसलं, कोण जाणे.

१३ ऑक्टोबर
जलाशय सांभाळणाऱ्या मंडळाच्या कार्यवाहांशी वाजलं. त्यांना फलकावर अध्यक्षांचं नाव हवं, उपाध्यक्षांचं हवं, दुरुस्ती समितीचं हवं. मी म्हटलं, हा फलक आहे, हजेरीपट नव्हे. चांगला फलक थोडकं बोलतो, प्रश्न विचारतो आणि वाचणाऱ्याची नजर समोरच्या वस्तूकडे वळवतो. त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारलं, मग उपाध्यक्षांचं कुठे घालायचं? पालथ्या घड्यावर पाणी! दोन मसुदे नाकारून त्यांनी तिसरा मंजूर केला. तो पहिलाच होता, फक्त कागद बदलला होता.

२१ ऑक्टोबर
फलक लागला. सज्जाच्या कठड्यावर, तिरपा, वाचणाऱ्याचं तोंड पाण्याकडे होईल असा. ठळक अक्षरांत: 'शेवटच्या रांगेत खांब किती? मोजून पाहा.' खाली उत्तर, सात, आणि दोन ओळी माहिती.

लोक थांबतात! बोटं नाचवत मोजतात. एका काकूंनी नवऱ्याला सुनावलं की तुम्हाला घरातली माणसं मोजता येत नाहीत, खांब कसले मोजताय. मी मागे उभी राहून पोटभर हसले.

२४ ऑक्टोबर
तक्रारी आल्या. उत्तर चुकलंय म्हणे, खांब आठ आहेत. जलाशयाच्या जुन्या नकाशात सात. लिहिण्याआधी मी स्वतः मोजले तेव्हाही सात. तणतणत खाली गेले आणि मोजले.

आठ. आठवा बाकीच्यांहून बारीक आणि बुटका. उजेडाचा खेळ असणार. कार्यवाह म्हणाले, बाई, सात-आठ करून टाका की! यांच्या हाती पाढे दिले तर दोन दुणे चार-पाच करतील.

२९ ऑक्टोबर
जुने फलक लिहिणारे गृहस्थ गावातच राहतात. त्यांना जाब विचारायला गेले. नकाशा चुकला की मी? त्यांनी उलट एवढंच विचारलं, फलक पाण्याच्या बाजूला नेलात का. हो म्हटल्यावर मटकन खाली बसले. म्हणाले, इतकं कंटाळवाणं लिहायला मला फार कष्ट पडले हो. लोकांनी तिकडे निरखून बघू नये, एवढीच खटपट. बघितलं की ते पुढे सरकतं. आणि ज्याने मोजलं, त्याला पुन्हा मोजल्याशिवाय चैन पडत नाही.

मी सरळ सांगितलं, स्वतःच्या वाईट भाषेला भुताचं निमित्त करणारा माणूस आज पहिल्यांदा पाहिला. दार आपटून निघाले. घरी आल्यावर मात्र नकाशा पुन्हा काढून पाहिला.

२ नोव्हेंबर
एक फोटोवाला रोज मोजायला यायचा. काल खाली उतरला, वर आला नाही. तिकीटवाली डोळ्यांत पाणी आणून सांगत होती. त्याची पिशवी सज्जात पडली आहे. कार्यवाह म्हणतात, मागच्या दाराने गेला असेल. मागे दार नाही!

मोजले. बुटका धरून नऊ. नववा उंच आहे. खांद्यात वाकलेला, फोटोवाल्यासारखा. आणि तो बुटका आता एक रांग पुढे आहे.

५ नोव्हेंबर
फलक काढा म्हणून कार्यालयात घसा फोडला. कार्यवाह हसले. गर्दी वाढली बाई, लोक थांबायला हवेत हे तुम्हीच म्हणत होता ना. आता मोठा फलक करणार, वर दिवे लावणार. जन्मात पहिल्यांदा माझं लिहिणं कोणी काना-मात्रा न बदलता घेतलं, आणि ते हे!

८ नोव्हेंबर
धाकटी मला न सांगता जाऊन मोजून आली. मला चिडवायला. जेवताना म्हणाली, ताई, शाळेच्या पुस्तकांत पण अशाच चुका ठेवायचीस का? मी हसले नाही. तीही मग हसली नाही. जेवण तसंच ठेवून टेबलावर बोटं मोजत बसली.

९ नोव्हेंबर
पुन्हा जायचं म्हणते. एकदाच, नीट मोजलं नाही म्हणे. रागावले, हात जोडले. ऐकत नाही. माझ्याकडे बघतच नाही—

१० नोव्हेंबर
दाराला कुलूप घातलं होतं. खिडकीतून गेली. साठी उलटलेली बाई, कंबर धरून चालणारी—

तिकीटवालीने जलाशयाचं दार उघडलं, म्हणाली, त्या मघाशीच उतरल्या. खाली यायला तयार नाही.

दुपार, सज्जात
सापडली. एक पाय कठड्यापलीकडे. हाका मारल्या, ऐकू जात नाहीत. ओढते आहे, हलत नाही. हात दगडासारखा गार. वही फलकावर ठेवली, तिच्या नजरेसमोर, तशी तिची नजर खाली आली. ओळीवर. वाचते आहे. म्हणजे लिहीत राहायचं. मान वर होणार नाही असं काहीतरी, त्या गृहस्थांच्या जुन्या फलकांसारखं—

प्रस्तुत दगडाच्या संदर्भात विचार करता तो दगड असल्याचे निदर्शनास येते. त्याच्या दगडपणाबाबत तज्ज्ञांत दुमत नसले तरी, दुमत नसण्याच्या कारणांबाबत मात्र— वाचते आहेस ना? शहाणी माझी ती. बोट हललं तुझं. हात कोमट झालाय.

पाय अलीकडे घे. हळू. तसेच उपरोक्त दगडांच्या लांबीचा विचार रुंदीच्या अनुषंगाने केला असता आणि रुंदीचा लांबीच्या—

पाणी हललं. अगदी जवळ, कठड्याखाली. मी बघणार नाही. तूही नको. ओळीवर, धाकटे, ओळीवर— तद्वतच सर्व खांबांची एकत्रित उंची लक्षात घेता असे

मान वर करू नकोस, इकडे, मी लिहितेय ना, इकडे ब