कल्चर सांभाळणारी मुलगी

साडूकुलभूषण, दापोडीनिवासी श्री. ज्योतीरामभाऊ यांचे चरणी चिंचवडहून उद्धवाचा साष्टांग दंडवत (गुडघ्यामुळे तूर्त मानसिक). आपला रक्तदाब आणि सौ. दुर्गाअक्कांचा दमा परस्परांशी स्पर्धा न करता नांदत असतील, अशी आशा करतो. माझी कन्या चि. मिनल रविवारपासून आपल्या आश्रयास आहे. तिने घटनेचा एकपक्षीय वृत्तान्त ऐकवला असणारच; आता न्यायबुद्धी जागृत ठेवून दुसरा पक्ष वाचावा.

जेथे ती प्रशिक्षणार्थी म्हणून राबते, त्याच पुण्याच्या संस्थेत तिला सवेतन पीएचडीची जागा मिळाली असून येत्या सोमवारी रुजू व्हायचे आहे, हे आपण जाणताच. विषय : प्रतिजैविके निर्माण करणाऱ्या जिवाणूंचा चयापचय. म्हणजे मातीतल्या जंतूंनी काय खाल्ले, त्याचे काय केले आणि त्यातून औषध कसे निपजले, याची काही वर्षे चौकशी. (माझ्या खाण्यापिण्याची चौकशी या घरात पाच मिनिटेही होत नाही.) हे जंतू म्हणे पोट भरलेले असता नुसते फोफावतात, अन्न आटले की मगच औषध करू लागतात. संशोधकांचे विद्यावेतन रखडवणाऱ्या कार्यालयांनी हा सिद्धान्त प्रयोगशाळेच्याही आधी आत्मसात केला असावा.

तर रविवारी पुनावळ्याचे स्थळ आले. मुलगा प्रज्वल, शेतात इमारती उगवल्यापासून घराण्यास कष्टाचे विस्मरण झालेले. पोहे अर्ध्यावर असता मिनलने घड्याळ पाहिले. "मला निघावं लागेल, कल्चर बघायचंय. दुर्लक्ष झालं तर मरेल ते." मुलाच्या मातोश्री विमलबाई गहिवरल्या. "ऐकलं का, आवो? पोरीला आपल्या कल्चरची केवढी काळजी हाय! आमच्या सोसायटीतल्या पोरींना वाकून नमस्कार कराया येत न्हाई." मी त्यांच्या बशीत आणखी पोहे वाढले. त्या गैरसमजाच्या छायेत विवाह आणि निदान एक नातवंड उरकेल, असा माझा कयास होता. परंतु कन्येस सत्यवचनाची व्याधी. "तसलं कल्चर नाही, काकू. जिवाणू. चंबूत वाढवते मी."

"जंतू?" विमलबाईंनी बशी दूर सारली. "आन् त्याच हातानं पोहे केलं व्हय?"

येथे मी कुटुंबप्रमुखास शोभेल असा हस्तक्षेप केला. म्हणालो, "अहो, ते लग्न ठरेपर्यंतच. नंतर सोडेल ती सगळं." सभा प्रसन्न झाली. मिनलने मात्र माझ्याकडे असे पाहिले, जणू चंबूत मीच होतो. "सोडणार मी आणि ठरवणार तुम्ही का, बाबा?" एवढे बोलून तिने बॅग उचलली, ती आपल्या दारी येऊनच टेकवली.

भाऊ, चाकणच्या कंपनीत माझी हयात तपासणी विभागात गेली. केसाएवढा चरा दिसला तरी सुटा भाग नाकारतो. भल्या भल्या पुरवठादारांना रडवले आहे. माझ्याच सोफ्यावर बसलेला माल मात्र मी डोळे मिटून पास केला. कारण कंपनीच्या बसमध्ये "काय उद्धवराव, पोरगी अजून शिकतेच का?" हा प्रश्न मला रोज विचारला जातो, आणि त्यावर हसण्याचे माझे सामर्थ्य संपले आहे.

पुनावळेकरांचा होकार आला आहे. अट एकच : तिने सोमवारी रुजू होऊ नये. सबब, जनरीतीचा मान राखून कन्येस चार शब्द सांगावेत आणि सत्वर स्वगृही धाडावे.

आपला नम्र व अपमानित साडू,
उद्धव

ता. क. : येथवरचे पत्र आमच्या सौ. मंजुळेस वाचून दाखवले. तिने डोळे पुसून संमती दिली. पुढील मजकूर तिला दाखवणार नाही.

आणखी ता. क. : मिनलला धाडू नका. मी स्वतः दारात येऊन विनवण्या केल्या, छातीत दुखते म्हणालो, तरी सोमवारपर्यंत कडी काढू नका. ती समोर आली की मी तिला "थांब" म्हणेन. आणि भीती ही, की या वेळी ती थांबेल.