येऊरच्या चढावरचे कपटे

येऊरचा पायथा, पौष वद्य पंचमी, शके १८०९. संध्याकाळ.

मशाली येईपर्यंत लिहून ठेवतो. आमच्या धावणाऱ्या मंडळींचा आज हा डोंगर होता. एकाने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे, बाकीच्यांनी त्या मागावर धावायचे, ही आमची रीत. आज कपटे टाकणारे गोविंदराव. मी सर्वांत पुढे होतो. पायथ्याच्या ओढ्यापलीकडे, उभ्या चढावरच्या झाडीतून कपट्यांनी मला थेट कड्याच्या टोकाशी नेले. पाऊल कसे आवरले, कोण जाणे.

उतरलो तर गोविंदराव ओढ्यापाशी विडी ओढत बसलेले.

"काय संपादक, कुठे भटकलात? माझे कपटे इथेच संपले. मी वर गेलोच नाही."

मग वर ते कोणी टाकले?

विष्णुपंत माझ्या मागे होते. ते अजून उतरलेले नाहीत. गोविंदराव म्हणतात, कपट्यांच्या मागानेच शोधू. मी सर्वांना बजावले आहे, नुसत्या हाका मारा. ओढ्यापलीकडे कपटा दिसला, तर तिकडे जाऊ नका.