हौद्यातला गालिचा

१६ सप्टेंबर, मंगळवार
ट्रक घरी आला. पिकअप म्हणायचं नाही असं ठरवलंय. पिकअप म्हटलं की कोथिंबीर डोळ्यांपुढं येते.

पितृपक्ष चालू असल्यामुळं शोरूममध्ये माझ्याशिवाय गिऱ्हाईक नव्हतं. जावयासारखी सरबराई झाली. सीटवरचं प्लास्टिक काढू का, असं विचारलं त्यांनी. मी ओरडलोच. तनुजा म्हणाली, अहो, या पंधरवड्यात लोक रुमालसुद्धा विकत घेत नाहीत. आता पहिली चक्कर तुमच्या वडिलांना मारून आणा, तेच आलेले असतील. बायकोला इंजिनिअरिंगची दृष्टी नसते.

सिडकोतली घरं स्कूटरच्या काळात बांधलेली. ट्रकचं शेपूट तुळशीपाशी, नाक रस्त्यावर. दूधवाला नाकाला वळसा घालून गेला. आदरानं.

संध्याकाळी दौलताबादपलीकडं अक्काला फोन. हा ट्रक हौसेचा नाही, कामाचा आहे, हे तनुजाला मी अक्काच्याच जिवावर पटवलं होतं. म्हणालो, यंदा तुझी सीताफळं माझ्या ट्रकमधून मार्केटला जाणार. फारूखच्या टेम्पोला नाही म्हणून सांग. अक्का म्हणाली, त्याला एकदा नाय म्हटलं की त्यो दुसऱ्याची बाग धरंल, मग सीझनभर येत नसतो. नक्की ना रं अप्पा? मी म्हणालो, घरचा ट्रक असताना भाड्याचा टेम्पो? भाऊ मेला का तुझा? अक्का घाईघाईनं म्हणाली, शुभ बोल, सांगते त्याला नाय म्हणून.

भावाच्या शब्दाला अजून वजन आहे. बरं वाटलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
चॅनल सुरू केलं. नाव: ‘दणकट’. ट्रकमध्ये घरच्या घरी केलेला प्रत्येक बदल टिपून ठेवायचा. पुढच्या पिढ्यांना उपयोग होईल. व्हीआरएस घेतल्यापासून पुढच्या पिढ्यांचा बराच विचार करतो आहे.

एपिसोड एक: ओळख. कॅमेरा तनुजा. अर्ध्या एपिसोडमध्ये तिचा अंगठा आहे. मी पाऊण तास बोललो आणि रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच नव्हतं, असा पहिला टेक. ती म्हणाली, मला वाटलं तुम्ही मलाच सांगताय.

हौद्याला रबराचं अस्तर बसवलं. आता काहीही टाका, ओरखडा नाही.

२० सप्टेंबर, शनिवार
रबरावर धूळ फार दिसते. क्रांती चौकातून बासितभाईंना बोलावलं. गाड्यांच्या सजावटीतला जुना माणूस. रबरावर गालिचा लावून घेतला. राखाडी. बासितभाई म्हणाले, अप्पाराव साब, बुरा मत मानो, इसमें माल डालना है के निकाह पढ़ाना है? मी हसलो. त्यांनी मापं दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा मान हलवली.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना
अक्काचा फोन. काही फळांचे डोळे उघडायला लागलेत, म्हणजे खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पांढरट झाल्यात. तोडायची वेळ झाली. थोडीच आहेत, पण येतोस का?

म्हणालो, पूजा झाल्याशिवाय नव्या वाहनात ओझं टाकू नये. पूजा दसऱ्याला.

असं शास्त्र आहे का, हे नंतर तनुजानं विचारलं. मी म्हणालो, असावं.

अक्का एवढंच म्हणाली: बरं.

हे ‘बरं’ दिवसभर कानात आहे. ती थोडी फळं रामकिसन दाजींनी एसटीतून मार्केटला नेली म्हणे, मांडीवर टोपली घेऊन. दाजींचे गुडघे दुखतात. पण एसटीत जागा मिळाली असेल. ज्येष्ठांना देतात.

२७ सप्टेंबर, शनिवार
पाऊस थांबत नाही. म्हणूनच आज स्नॉर्कल: इंजिनाला श्वास घ्यायला टपापर्यंत जाणारी उंच नळी. हे बसवलं की ट्रक छातीभर पाण्यातून जातो. अक्काच्या वाटेवर ओढा आहे. म्हणजे हाही खर्च तिच्याचसाठी. तनुजाला तसं सांगितलं. 

भोक पाडायचा कागदी नमुना येतो. तो चिकटवून ड्रिल मारायचं. मारलं. नमुना उजव्या बाजूचा होता, भोक डाव्या बाजूला पडलं. एपिसोड तीनमध्ये हा भाग नाही.

संध्याकाळी डाव्या भोकावर वाघाचं स्टिकर लावलं. वाघाचा एक डोळा जरा आत गेलाय.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
पूजा झाली. तनुजा बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढणार होती; कुंकवानं पेंट जातो म्हणून आधी मी तिथं स्वयंपाकघरातली पारदर्शक प्लास्टिकची फिल्म लावली. देवाला फिल्ममधून दिसतं. नारळ बंपरजवळ फोडू दिला नाही. शेजाऱ्यांच्या कठड्यावर फोडला. चाकाखाली लिंबू ठेवलं, पण ट्रक पुढं घेतला नाही. रस टायरला चांगला नसतो.

दुपारी अक्का सोनं द्यायला आली. एसटीनं. मी तिला ट्रक दाखवला. मागचं झाकण पाडून हौदा दाखवला, दिवे लावून दाखवले. अक्कानं चपला काढल्या. आत चढायला नाही. नुसतं वाकून बघायला. गालिच्यावर दोन बोटं ठेवली आणि लगेच पदराला पुसली. म्हणाली, लई मऊ रं. माझ्या जावयाच्या घरातबी असलं नाय.

मला तेव्हा फार अभिमान वाटला. आता रोजनिशी लिहिताना त्या चपला डोळ्यांपुढून जात नाहीयेत. तिनं त्या का काढल्या असतील? सवय असेल.

७ ऑक्टोबर, मंगळवार
अक्काचा फोन. मोठी तोडणी शुक्रवारी. सगळी बाग एकदम डोळ्यावर आलीय, आता थांबणार नाही. तोडलेलं फळ दोन-तीन दिवसांत मऊ पडतं, त्याच दिवशी मार्केटला गेलं पाहिजे. फारूख कन्नडकडच्या बागांना लागलाय, त्याला विचारायला तोंड नाही. गावातल्या बाया मजुरीला सांगितल्यात. वर्षाचं तेवढंच आहे अप्पा, म्हणाली. हे ती आजवर कधी बोलली नव्हती.

संकल्प: शुक्रवारी पहाटे निघायचं. गालिचा काढून ठेवायचा. दणकट वस्तूनं दणकट काम केलं पाहिजे. एपिसोडचं नावही सुचलं: ‘बहिणीसाठी’.

९ ऑक्टोबर, गुरुवार
गालिचा निघत नाही. बासितभाईंनी तो कसल्या गोंदानं चिकटवलाय देव जाणे. फोन केला तर म्हणाले, आपने ही बोले थे ज़िंदगीभर का काम करो.

मग गालिच्यावर चादर, चादरीवर ताडपत्री, ताडपत्रीवर पुठ्ठे. तनुजा म्हणाली, ताईंची फळं आणायचीत की बाळंतीण? सीताफळाचा डाग जात नाही, हे तिला माहीत नाही. चिकट असतो. शिवाय मुंग्या.

ताडपत्री अंथरताना मनात एक विचार आला, तो इथं लिहीत नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. सकाळी ११
पहाटे वेळेवर निघालो. पडेगाव, दौलताबाद, किल्ला मागं टाकला. कच्च्या रस्त्याला लागलो. ओढा.

पाणी होतं. किती होतं, तर एक शेळी उभी होती त्यात. पाणी पीत.

पाणी दिसतं तेवढंच असतं असं नाही. तळाला दगड असतात. दगडानं खालून घासलं तर? आणि चाकांचा चिखल उडून थेट पेंटवर. स्नॉर्कल छातीभर पाण्यासाठी असतं. घोट्याएवढ्या पाण्याबद्दल कंपनीच्या पुस्तकात काहीच लिहिलेलं नाही. मी उतरून बघितलं. शेळीनंही बघितलं.

ट्रक वळवला. पडेगावला येऊन अक्काला फोन केला. म्हणालो, क्लच गेला.

नव्या गाडीचा क्लच. मला दुसरं काही सुचलंच नाही.

अक्का क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, जाऊ दे, तू धावपळ करू नको; बीपीची गोळी घेतली का? उपाशीपोटी निघाला असशील. तिच्या मागं बायांचा आवाज येत होता. एकजण विचारत होती, आला का व्हय तुमचा भाऊ?

गोळी घेतली नव्हती. घरी येऊन घेतली.

११ ऑक्टोबर, शनिवार
झोप नाही. तनुजाला क्लचचंच सांगितलंय. ती म्हणाली, मग घरापर्यंत कसा आला? मी म्हणालो, अधूनमधून जातो. ती म्हणाली, असं होय, तुमच्यासारखंच.

मन शांत करायला काम हवं. एपिसोड पाच: ‘पाण्यातून ट्रक कसा काढावा’. गल्लीत शूट केलं. तनुजानं बादलीनं पाणी ओतलं, मी गाडी हळूहळू पुढं घेतली. आवाज चांगला आलाय.

दुपारी अक्काला फोन करायचा होता. हातात घेतला, ठेवला. बॅटरी कमी होती.

१२ ऑक्टोबर, रविवार
अक्काला फोन केला. म्हणालो, क्लच झाला, येऊ का? म्हणाली, नको आता. फारूख काल सांजच्याला कन्नडहून परतीला आला होता, त्याला रस्त्यात आडवं जाऊन आणला. निम्मी नेली त्यानं. निम्मी बसली खाली.

बसली म्हणजे मऊ पडली. दाबली की बोट आत. ती आता बाजारात चालत नाहीत. तोडायला आलेल्या बायाच आज ओसरीवर बसून बिया काढतायत, गर रबडीवाल्याला द्यायचा. काय देईल तेवढं देईल, म्हणाली. आणि लगेच म्हणाली, तू मनाला लावून घेऊ नको, मशीनचं काय सांगता येतं.

पावसानं यंदा सगळ्यांचंच नुकसान केलंय. माझ्या एकट्याच्या येण्यानं काय फरक पडला असता?

निम्म्याचा पडला असता.

हे वाक्य खोडून टाकावं काय?

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी
दारात फारूखचा टेम्पो. माझ्या ट्रकशेजारी उभा केला तर त्याचा टप माझ्या आरशाला लागत होता. पत्रा गंजलेला, हौद्यात कडबा, एका कोपऱ्यात कोंबडी. मार्केटचा माल उतरवून चालला होता. अक्कानं डबा दिलाय म्हणाला. सीताफळाची बासुंदी.

अक्काचा भाऊ म्हणून तिच्या गावाचा मी मामा. फारूख म्हणाला, मामा, गाडी लई भारी. क्लच आला का जागेवर? मी म्हणालो, आला. तो म्हणाला, क्लचचं असंच असतंय मामा, पाणी बघितलं की सरकतो. आणि मोठ्यानं हसला. मी पण हसलो. खेड्यातल्या माणसांना यंत्राची माहिती कमी असते.

बासुंदी घशाखाली उतरेना. दोन वाट्या खाल्ल्या.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
संकल्प: आज अक्काला सगळं खरं सांगायचं. रस्त्यात तालीमही केली. तनुजा शेजारी होती म्हणून मनातल्या मनात.

ओढा कोरडा होता. तरी फोर-बाय-फोर टाकून काढला.

अंगण शेणानं सारवलेलं, पाट मांडलेला. ओवाळायच्या आधी शेजारच्या बाया ट्रक बघायला आल्या. एक तोंडाळ म्हातारी म्हणाली, साळूबाई, हीच का ती गाडी, जिच्यासाठी तुझी सीताफळं सडली?  मी तोंड उघडणार तोच अक्का कडाडली, गाडीला बोल लावू नको मावशे! नव्या गाडीत शोरूमवाल्यांनी क्लच खोटा घातला, तर माझा भाऊ काय करंल? बीपीचा माणूस, तरी पहाटं उपाशी निघाला. आजकाल कोन येतं बहिणीसाठी? सगळ्या गावाला सांगून बसलेय मी.

तिच्या या प्रेमापुढं खरं सांगणं बरं दिसलं नसतं. ओवाळून घेतलं. साडी दिली. अक्कानं डोळ्यांना लावली.

जेवताना रामकिसन दाजी शेजारी बसले. भोळा माणूस. आवाज खालच्या पट्टीत येतच नाही. म्हणाले, अप्पाराव, त्या दिवशी मी पल्याड लिंबाखाली उभाच होतो की, वाट दाखवायला म्हणून साळूनं मला धाडलं होतं. दोन्ही हात केले, तुमचं ध्यान शेळीकडं. पण काय वळवली हो गाडी! एवढ्याशा जागंत! मी घरी येऊन साळूला तवाच सांगितलं, ड्रायव्हर लई पक्का.

अक्का आतून म्हणाली, अहो, जेवा गुमान. आणि माझ्या पानात पुरणपोळी वाढली. तूपही. माझ्याकडं बघितलं नाही.

तवाच सांगितलं. म्हणजे मी पडेगावहून फोन केला, तेव्हा तिला माहीत असणार. ती क्षणभर बोलली नव्हती, तो क्षण.

घरी परतलो.  उतरताना तनुजा म्हणाली, अहो, क्लच सांभाळून.

रात्री ९
खूप विचार केला. पळवाट नको, काहीतरी ठोस केलं पाहिजे. उद्या सकाळीच बासितभाईंच्या ओळखीच्या गॅरेजला ट्रक नेतो आणि चांगला चालणारा क्लच काढून नवा बसवून घेतो. व्हिडिओ करणार नाही. जुना क्लच पोत्यात घालून अक्काच्या अंगणात नेऊन ठेवीन, बायांना दिसेल असा. सगळ्या गावाला सांगून बसलीय ती. निदान अक्का तरी खोटी पडायला नको.