मुक्ताचा तक्ता

८ नोव्हेंबर १९९७, बदनापूर
लेकीला घेऊन जालन्याला. मुक्ताचं वय नऊ, दम्याचं चार. डॉक्टरांनी दोन पंप दिले. तपकिरी रोज सकाळ-संध्याकाळ, निळा अडलं तरच. शिवाय फुंकायची नळी, तिच्यावर काटा सरकतो. तो आकडा, खोकला, निळा किती वेळा घेतला, सगळं रोज तक्त्यात. "पत्रकारसाहेब, बातमी खरी द्या." म्हटलं, आम्ही तीही देतो कधीकधी. काटा जितका वर तितका श्वास मोकळा. पहिली फुंकर १८०. पूरक जमतं, रेचक अडतं; श्वास आत जातो, बाहेर येत नाही. बापाचं संस्कृत कुठं उपयोगी पडलं बघा.

२३ नोव्हें.
तक्ता सौ. भरते, खाली मी सही करतो. २४०, २४०, २४५. खोकला नाही. अक्षर सुबक.

६ डिसें.
डॉ. खूश. तपकिरी निम्मा केला. दवाखान्यातून स्टँडवर येताना मुक्ता दोनदा थांबली. "दुकान बघत होते, बाबा." दुकान बंद होतं. मी तहसीलच्या बातमीचा मथळा जुळवत होतो.

१५ डिसें.
शाळेतून निरोप. ओठ निळे. जीपनं जालना, ऑक्सिजन. एकेक शब्द तोडून बोलत होती. डॉ.नी तक्ता माझ्यापुढे धरला. "ह्यात तर पोरगी पहिलवान आहे."

१६ डिसें., दवाखाना
सौ.ला विचारलं. म्हणाली, "वाईट कागदावर लिहिलं की लागतं हो. म्हणलं, चांगलं लिहावं, मंग तसंच होईल." खरा आकडा दीडशेच्या आसपास. निळा पंप दिवसातून चार-चारदा. हिच्या माहेरी तापालाही पाहुणा म्हणतात. शुभ बोल रे नाऱ्या! ओरडायला तोंड उघडलं, पण सह्या माझ्या. लोकांच्या निवेदनातल्या वेलांट्या सुधारणारा मी. तक्त्यातली एक ओळ पडताळली नाही.

२० डिसें.
घरी. तपकिरी पूर्ववत. डॉ. म्हणाले, खोटं लिहाल तर मी आंधळा. सौ. पेनाला हात लावत नाही, आता मी लिहितो. संध्याकाळी मुक्तानं फुंकलं आणि पाठमोरी होऊन बोटानं काटा वर सरकवला. पकडली.
"आई रडती ना मंग."
ह्यावर कुठला पंप?

२८ डिसें.
सकाळी १३०. काल १९० होता. कसं वाटतंय? "बरंय बाबा. बिलकुल बराबर." गळ्याखालची खळी प्रत्येक श्वासाला आत जात होती. निळा दिला. थांबलो. पुन्हा दिला. खळी तशीच. विचारलं, की हसून, "बरंय." चार वर्षं आम्हीच हे शिकवलं, इतकं चांगलं दुसरं काही शिकली नाही.
१३० लिहिलं. जीप सांगून आलो, यायचीय अजून. सौ. तिची पाठ चोळतेय, माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, पण ती म्हणून राह्यली ना, बरंय म्हणून."