याचा स्वतःचा आवाज कुठला

२१ एप्रिल ९६, रविवार

स्मितासाठी स्थळ आलं. जगूमामांनी आणलेलं. मुलगा नितीन, महाप्याला कंपनीत सुपरवायझर, कळंबोलीत ब्लॉक, घरात फक्त आई. दिसायला बरा. पोहे खाल्ले, बशीत चहा सांडला, "माफ करा हं" म्हणाला. बोलणं इतकं हळू की मला दोनदा कान पुढे करावा लागला. छंद विचारला. आईकडे बघितलं, म्हणाला, "विशेष काही नाही." धडधाकट माणसाला विशेष काही नाही? पत्ते नाहीत, क्रिकेट नाही? पाणी कुठेतरी मुरतंय.

सौ. म्हणते, "तुम्हाला देव भेटला तरी त्याचं रेशनकार्ड मागाल."

मागीन. एकुलती एक पोर आहे. ती गप्प आहे. म्हणजे पसंत असावा. किंवा नसावा.

२५ एप्रिल, गुरुवार

मसाला मार्केटातून हाफ डे टाकून महाप्याला गेलो, चौकशीला. शिफ्ट सुटायच्या वेळी कंपनीच्या गेटवर उभा राहिलो. हातात डबा, म्हणजे कुणाला तरी द्यायला आलोय असं वाटावं. वॉचमन आमच्याच साताऱ्याकडचा निघाला. दोन मिनिटांत ओळखलंन. "स्थळाची चौकशी न्हवं? नितीनसाहेबांची? सोन्यासारखा गडी." म्हटलं, सगळ्यांबद्दल हेच सांगता काय? नुसता हसला. तंबाखू मळत म्हणाला, "सुट्ट्या मात्र लई घेत्यात."

कसल्या सुट्ट्या? "त्ये काय म्हाईत न्हाई."

परत येताना डोक्यात तेच. दारू? दुसरं घर? सौ.ला सांगितलं तर म्हणाली, आईचं दुखणं असेल. आई तर आमच्याकडे दोन बशा पोहे खाऊन गेली!

६ मे, सोमवार

महाबळेश्वर. चार दिवस. मार्केटातल्या शेठच्या ओळखीनं खोली मिळाली. जगूमामांना म्हटलंय, आल्यावर होय-नाही सांगतो. थंडी छान. स्ट्रॉबेरी आंबट. विकणारा म्हणतो गोड आहे, मला चाखू देईना.

७ मे, मंगळवार

संध्याकाळी बाजारात बोर्ड लागला होता. आपल्या गायकाची गाणी, 'हुबेहूब त्याच आवाजात'. नाव काय लिहायचं, त्याचा फोटो माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय, सौ.च्या फोटोच्या वर. यावरून लग्नानंतर आठ दिवस अबोला होता. तो गेला तेव्हा मी जेवलो नव्हतो.

हुबेहूब म्हटलं की माझं डोकं फिरतं. तिघं गेलो. हॉटेलच्या लॉनवर खुर्च्या, पुढे भेळवाला. गायक आला. तीच टोपी, तसाच कोट, गॉगल. सोंग! पण पहिली ओळ सुरू झाली आणि अंगावर काटा आला. तोच. शेवटच्या कडव्याआधी तो बारीकसा श्वास घ्यायचा, रेकॉर्डवर ऐकू येतो, तो श्वाससुद्धा.

लगेच संशय. कॅसेट लावली असणार. खुर्ची पुढे सरकवून ओठांकडे बघत बसलो. मागचा ओरडला, "ओ काका, डोकं खाली!" मग ते रुसलेल्या बायकोचं गाणं लागलं. माझं सगळ्यात आवडतं. वाईला असताना टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर मातीत बसून ऐकायचो. तिकिटाला पैसे कुठले? पिक्चर दिसायचा नाही, गाणं मात्र आख्खं यायचं. पुढे अबोला मोडायला मी हेच सौ.ला म्हटलं होतं, मोरीच्या दाराबाहेर उभं राहून. बेसूर. आतून ती हसली होती. लॉनवर तिनं माझ्या हाताला चिमटा काढला, म्हणजे तिलाही आठवलं. डोळे भरले, लपवत नाही.

आणि मध्येच गायकाला ठसका लागला. म्हणजे कॅसेट नाही. कॅसेटला ठसका लागत नाही. पाणी प्यायला, माइकवर म्हणाला, "माफ करा हं."

सौ.नं पुन्हा चिमटा काढला, या वेळी जोरात. "अहो, हा आपला पोहेवाला!"

स्मिताकडे बघितलं. भेळ खात होती.

८ मे, बुधवार

काल कार्यक्रम संपल्यावर स्टेजमागे गेलो. टोपी काढली होती, गॉगल काढला होता. तोच. वाकून पाया पडला. "काका, तुम्ही इथं कुठं?" म्हटलं, हेच मी विचारणार होतो. ततपप. म्हटलं, रविवारी घरी या, एकटे.

झोप नाही. सौ. खूश. "किती गोड गळा! रोज घरात ऐकायला मिळेल." म्हटलं, अगं, जो माणूस मेलेल्या माणसाचा आवाज इतका बेमालूम काढतो तो उद्या माझा काढेल, बँकेत फोन करेल. तिनं कपाळावर हात मारून घेतला. पण मी खोटं काय बोलतोय? आमच्याकडे पोहे खाताना एक आवाज, इथं दुसरा. खरा कुठला? पोर कुणाला द्यायची, त्याला की गेलेल्या गायकाला?

आणि राग येतो तो वेगळाच. माझी गाणी होती ती. तंबूबाहेरची. याला कुणी दिली?

१२ मे, रविवार. नेरूळ

आला. सौ.नं शिरा केला होता, मी नको म्हटलं तरी. सरळ विचारलं, लपवलंत का? म्हणाला, "आधीच्या दोन स्थळांना खरं सांगितलं, काका. ऑर्केस्ट्रावाला नको म्हणाले. आईनं शपथ घातली, या वेळी बोलायचं नाही." हे पटलं. मीसुद्धा नको म्हटलं असतं, महाबळेश्वरला जायच्या आधी. पण पटलं म्हणून सोडलं नाही.

म्हटलं, तुमच्या आवाजात गा. तुमच्या स्वतःच्या.

बसला. गळा साफ केला. सुरू केलं आणि आला तोच, टोपीवाला. थांबला. पुन्हा. पुन्हा तोच. साधा अभंग म्हणा म्हटलं, तोही त्याच्याच गळ्यातून! घाम फुटला बिचाऱ्याला. "नाही जमत, काका. शाळेत असल्यापासून त्याचंच गातोय. माझा कुठे गेला, माहीत नाही."

मी जिंकलो. सौ.कडे बघितलं, बघ म्हटलं ना? ती शिऱ्याची बशी घेऊन आत गेली. पोरगा खाली मान घालून चपला घालत होता. वाईट वाटलं, आता काय लपवायचं.

तो जिना उतरला तशी स्मिता बाहेर आली. आज पहिल्यांदा बोलली. "त्याला स्वतःचा आवाज आहे, बाबा. बसका आहे. ताल चुकतो. मी ऐकलाय."

कधी? कुठे? एकदाच तर आला होता घरी, आम्ही सगळे समोर!

आत गेली, दार लावलं.

१३ मे, सोमवार

मार्केटात लक्ष नाही. वेलचीचं पोतं मिरीच्या थप्पीत लावायला सांगितलं. हमाल हसले.

सकाळी जगूमामांचा शेजारच्यांकडे फोन. "होय की नाही? त्यांच्याकडे दुसरी माणसं येतायत." म्हटलं, संध्याकाळी सांगतो.

घरी येऊन स्मिताला समोर बसवलं. कधीपासून ओळखतेस त्याला? कंपनीच्या गेटवर विचारलं, जगूमामांना विचारलं, कळंबोलीत त्याच्या वाण्यालासुद्धा विचारून आलो, मला कुणी काही बोललं कसं नाही?

रडेल वाटलं होतं. नाही रडली. म्हणाली, "त्याची चौकशी गावभर केलीत, बाबा. मला एकदा तरी विचारलंत?"

सौ.नं स्वयंपाकघरात गॅस बारीक केला.

मामांना फोन करायला पीसीओवर जायचंय. चपला घातल्या. काढल्या. स्मिता अजून समोरच बसलीय.